सत्ताविसाव्या खणातला खोटा शब्द

आमचे काका आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि तेही छापून.

एरवी त्यांचा खरेपणा म्हणजे घराला ताप आहे. दारात पाहुणे आले की माणूस म्हणतो, या, बसा, आत्ताच तुमची आठवण काढली. काका म्हणतात, "या. मी कामात होतो, आणि तुमची आठवण काही काढली नव्हती." त्यामुळे आमच्याकडे पाहुणे फारसे येत नाहीत आणि आलेले सहसा पुन्हा येत नाहीत. काकांना त्याचं काही वाटत नाही, कारण तेवढाच वेळ त्यांना कोशाला मिळतो.

कोश म्हणजे इंग्रजीतल्या मेलेल्या शब्दांचा कोश. खुद्द इंग्रजांनी ज्यांच्या नावानं कधीच आंघोळ करून टाकलीय असे शब्द काकांनी शोधून काढले, कार्डांवर उतरवले आणि त्यांना आपल्या भाषेत अर्थ दिले. एकतीस वर्षं हे चाललं. 'फजेल' म्हणजे काम करतोय असं दाखवत काहीच न करणं. 'ग्रोक' म्हणजे दुसरा जेवत असताना, आपल्यालाही बसवतील या आशेनं, गप्प उभं राहून त्याच्या ताटाकडे बघणं. 'गाँगूझलर' म्हणजे कालव्याच्या काठावर उभा राहून जाणाऱ्या होड्या नुसत्या बघणारा माणूस. एवढ्यासाठी एखाद्या देशाला वेगळा शब्द लागावा याचं मला आधी नवल वाटायचं. पुढे आमच्या खिडकीखाली पाण्याच्या पाइपासाठी खड्डा खणायला घेतला आणि त्याच्या काठावर रोज चाळीस माणसं उभी राहायला लागली, तेव्हा नवल संपलं.

मी काकांची पुतणी. कॉलेज संपल्यावर 'थोडे दिवस मदत कर' म्हणून मला आईनं वर पाठवलं, त्याला चौदा वर्षं झाली. वर म्हणजे शिवणाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत काका आणि त्यांचं टेबल, दुसरीत मी आणि सव्वीस खणांचं लाकडी कपाट, अक्षराला एक खण. खाली मशीनवर जाड कापड घेतलं की आमची जमीन थरथरते आणि खण आपोआप बाहेर येतात. दिवसातून दहा वेळा मी ते गुडघ्यानं आत ढकलते. माझ्या स्वभावाला थोडी धार आहे असं लोक म्हणतात. त्यांनी माझे गुडघे बघावेत.

सत्ताविसावा खण नंतर आला. जुन्या इंग्रजी पुस्तकांतून फिरताना काकांना स्पॅनिश नावाची झाडं भेटायला लागली, जी इंग्रजीत शिरली आणि तिथेच राहिली. काकांनी टपालानं स्पॅनिश शिकून घेतली आणि त्या झाडांसाठी सुताराकडून वेगळा खण करून घेतला. 'पालो बोराचो' म्हणजे दारुडं झाड, कारण त्याचा बुंधा मधेच पिंपासारखा फुगतो. 'माला मुहेर' म्हणजे वाईट बाई. हात लावला तर आग आग होते. 'मोरिविवी' म्हणजे 'मेलो, जगलो', आपलं लाजाळू. आणि 'लेंग्वा दे सुएग्रा' म्हणजे सासूची जीभ: लांब, टोकदार, पाणी नाही घातलं तरी जिवंत. हे शेवटचं कार्ड वाचायला माझी आई महिन्यातून एकदा वर येते, वाचते आणि काही न बोलता समाधानानं खाली जाते.

आता त्या खोट्याबद्दल. कोश करणाऱ्यांत एक जुनी रीत आहे. कोशातले शब्द काही आपण जन्माला घातलेले नसतात, त्यामुळे उद्या कुणी सगळा कोश उचलून आपल्या नावानं छापला तर चोरी सिद्ध करणं अवघड. तो म्हणणार, आम्हीही तीच जुनी पुस्तकं वाचली. म्हणून कोशात एक शब्द मुद्दाम खोटा घालून ठेवायचा. जगात कुठेही नसलेला शब्द दुसऱ्याच्या पुस्तकात सापडला की चोर हाताशी आला. आम्ही त्याला भूत म्हणतो.

काकांना हे भूत रचायला दीड महिना लागला. पहिले तीन शब्द त्यांनी डोकं खाजवून खाजवून रचले आणि तिन्ही तपासताना खरे निघाले. खऱ्या शब्दांनीच वेडेपणाची इतकी हद्द केलेली असते की खोट्याला जागा उरत नाही. शेवटी एके दिवशी दुपारची झोप काढून उठल्यावर त्यांनी सत्ताविसाव्या खणात एक कार्ड टाकलं. काका रोज साडेतीनला खुर्चीतच झोपतात आणि चारला उठतात, त्या अर्ध्या तासात वरून छप्पर कोसळलं तरी त्यांना ते चारनंतर कळेल. कार्डावर असं होतं:

'येर्बा सिएस्तेरा. डुलकी घेणारी वनस्पती. लहान झुडूप. याची पाने दुपारी बरोबर साडेतीन वाजता मिटतात व चार वाजता उघडतात. घरात ठेवल्यास घरच्या माणसांना शांत झोप लागते.'

कोश छापून झाला आणि तीन वर्षांनी समोरच्यांचा कोश आला.

समोरचे म्हणजे रस्त्यापलीकडचे छापखानेवाले. आयुष्यभर त्यांनी पत्रिका, पावत्या आणि कॅलेंडरं छापली आणि एकदम यांना मेलेल्या इंग्रजी शब्दांचा कळवळा आला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर फूल, आत लेखक म्हणून त्यांचा सूट घातलेला फोटो. मी धावत जाऊन एक प्रत आणली. पान चारशे बारावर येर्बा सिएस्तेरा होती, साडेतीनच्या वेळेसकट. काकांनी ते पान दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "स्वल्पविरामसुद्धा माझेच आहेत गं."

ग्रंथ मंडळाकडे तक्रार गेली. मंडळ आपल्या सगळ्या वाचनालयांसाठी एकच कोश घेणार होतं, आमचा किंवा त्यांचा, आणि आधी चोरीचा निकाल लावणार होतं. म्हणजे हरलो तर काकांचं एकतीस वर्षांचं काम सगळ्या वाचनालयांत समोरच्यांच्या फोटोखाली उभं राहणार होतं. पण हरायचा प्रश्नच नव्हता. भूत आमच्या मुठीत होतं.

सुनावणीच्या चार दिवस आधी समोरच्यांचं उत्तर आलं. एक ओळीचं पत्र: 'सदर वनस्पती अस्तित्वात असून शहरात सर्रास मिळते, सोबत कुंडी जोडली आहे.' आणि खरोखरच जिन्यात एक कुंडी ठेवलेली होती. तिच्यात वीतभर उंचीचं, गोलसर पानांचं, जरा बावळट दिसणारं एक झाड होतं. मातीत पांढरी पट्टी खोचलेली, तिच्यावर जांभळ्या शाईनं सुबक अक्षरात लिहिलेलं: येर्बा सिएस्तेरा.

काका पायरीवरच बसले.

"काका, तुम्ही हा शब्द रचला होता ना?"

"रचला होता."

"नक्की? आधीच्या तिन्हींसारखा हा पण खरा नाही ना निघाला?"

काकांनी कुंडी फिरवून चारी बाजूंनी पाहिली. "मला शपथ घालू नकोस," ते म्हणाले, "माझाच विश्वास उडायला लागलाय."

मी काही विश्वासबिश्वास उडू दिला नाही. पट्टीच्या मागे रोपवाटिकेचा पत्ता होता. काकांच्या पायात चपला सरकवल्या आणि त्यांना घेऊन निघाले.

रोपवाटिका नाल्याच्या कडेला, हिरव्या जाळीच्या आडोशाखाली होती. मालकीणबाई काळ्या पिशव्यांत माती भरत बसल्या होत्या, वय पन्नाशीच्या पुढे, हातांना कोपरापर्यंत माती, केसांत खोचलेलं जांभळं पेन. त्यांच्यामागे फळीवर तीसेक कुंड्या ओळीनं मांडलेल्या, आणि प्रत्येक कुंडीत तेच बावळट झाड, तीच पट्टी.

"सिएस्तेरा पाहिजे का?" बाईंनी विचारलं. "ह्या ओळीतली घ्या, चांगली धरलीत."

मी तोंड उघडणार तेवढ्यात काकांनी माझा हात दाबला. ते त्या पट्ट्यांकडे बघत होते.

"हे झाड तुम्हाला कुठे मिळालं बाई?" मी विचारलं. जरा कडकच विचारलं असावं, कारण बाईंनी मातीचा हात खाली ठेवला.

"तुम्ही कोण?"

"या झाडाचं नाव ज्या कोशात आहे तो कोश यांनी केलाय," मी म्हणाले.

बाईंचा चेहरा पडला. त्या उठल्या, काकांसाठी स्टूल पुसून पुढे केलं आणि स्वतः उभ्याच राहिल्या. "कधी ना कधी तुम्ही येणार हे मला माहीत होतं, सर," त्या म्हणाल्या. "खरं झाड बघायला आला असाल ना? माझ्याकडे खरं नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कोश आला त्या वर्षी एक गिऱ्हाईक पुस्तक उघडून घेऊन आलं, झोप येत नाही, हे झाड द्या. बाईंनी नाही म्हणून सांगितलं. दुसरं आलं, तिसरं आलं. चौथ्याला मात्र त्यांच्या तोंडून निघून गेलं की गुरुवारी या. गुरुवार आला. बाई नाल्यावर गेल्या आणि एक तण मुळासकट उपटून आणलं.

"लहानपणापासून मला ते आवडायचं," बाई म्हणाल्या. "इतकं गुणी आहे, कुठेही टाका, तक्रार नाही. पण तण म्हणून कुणी हातात घेत नव्हतं. तुमचं नाव लावलं आणि लोक दोन्ही हातांनी न्यायला लागले. दोनशे बारा गेलीत आतापर्यंत. मी वाईट केलं, पण झाडाचं भलं झालं. सर, खरं कसं दिसतं ते तरी सांगा. मागवून सगळ्यांना बदलून देईन."

आता खरं असं काही नाहीच हे सांगायची पाळी काकांची होती. ज्या माणसानं कधी पाहुण्याला खोटं 'या' म्हटलं नाही तो माणूस स्टुलावर बसून नुसता चुळबुळ करत होता. शेवटी त्यांनी सांगितलं. बाईंनी ऐकलं, तोंडावर मातीचा हात ठेवला, आणि मग दोघंही एकमेकांकडे असे बघत राहिले की कोणी कोणाची माफी मागायची हे त्यांचं ठरेना. यानं नाव रचलं होतं, तिनं झाड. चोरावर मोर म्हणतात ते हेच, फक्त यातला चोर कोण आणि मोर कोण ते मला आजतागायत सांगता आलेलं नाही.

"म्हणजे लोक हा शब्द बोलतात?" काकांनी हळूच विचारलं. "तोंडानं?"

"बोलतात म्हणजे काय," बाई म्हणाल्या, "माझ्या सिएस्तेराला फुटवा आलाय, आमच्या सिएस्तेराला कुंडी लहान पडतेय. रोज ऐकते मी."

परतीच्या वाटेवर काका इतके हळू चालत होते की मला दोनदा थांबावं लागलं. मी हिशेब मांडत होते: गुरुवारी सुनावणीत बाईंना उभं करायचं, त्या तण आहे म्हणून सांगतील, भूत पुन्हा भूत होईल, समोरचे चारी मुंड्या चीत. काका म्हणाले, "नाही."

"काय नाही?"

"त्यांना आणायचं नाही. दोनशे बारा घरांत त्यांची फजिती होईल. आणि दुसरं म्हणजे, तो शब्द आता खोटा राहिलेला नाही. लोक बोलतात तो शब्द खरा. आपण नुसतं लिहून घ्यायचं, हे मी तुला चौदा वर्षं सांगतोय."

"काका, तुम्ही हराल."

"एकतीस वर्षांत मी हजारो शब्द लिहिले," काका म्हणाले, "त्यातला एकही कुणाच्या तोंडून ऐकला नाही. हा एकच."

माझा संताप संताप झाला. इतका की त्या दिवशी मी खण गुडघ्यानं नाही, लाथेनं बंद केले. पण खरं सांगायचं तर संतापाच्या खाली मला काकांची दयाही आली होती, आणि तिच्यामुळे संताप आणखी वाढला.

गुरुवारी मंडळाच्या वरच्या खोलीत सुनावणी बसली. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या, ज्यांना पंख्याचा आवाज सहन होत नव्हता, म्हणून पंखा बंद. खिडकीतून ऊन थेट टेबलावर. तिथेच सकाळी अकरापासून ती कुंडी पुरावा म्हणून ठेवलेली. आणि मागच्या खुर्चीवर रोपवाटिकेच्या बाई, धुतलेल्या हातांनी. आम्ही नाही बोलावलं तर समोरच्यांनीच बोलावलं होतं, साक्षीदार म्हणून.

बाईंना विचारलं, झाड तुम्ही विकलं का? त्या म्हणाल्या, हो. या नावानं? हो. पुढचं कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. बसताना त्यांनी काकांकडे पाहिलं, काकांनी मान हलवली, छान झालं अशी.

मग समोरचे उभे राहिले. आमच्या कोशात 'अल्ट्राक्रेपिडेरियन' असा एक शब्द आहे: ज्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही त्यावर ठासून बोलणारा. मी त्या कार्डाखाली समोरच्यांचा फोटो चिकटवणार होते, काकांनी चिकटवू दिला नाही. "ही वनस्पती माझ्या आजोबांच्या परसात होती," समोरचे म्हणाले. "लहानपणी मी रोज बघायचो. साडेतीनला पानं मिटायची. आम्ही मुलं त्यावरून घड्याळ लावायचो. तेच मी माझ्या कोशात लिहिलं. कुणाचं बघून लिहायची मला गरजच काय?"

न्यायाधीश बाई काकांकडे वळल्या. "तुमचं म्हणणं हा शब्द खोटा आहे. तुम्ही तो रचलात."

"रचला," काका म्हणाले.

"म्हणजे खोटा आहे."

"तेव्हा होता. आता लोक वापरतात. त्यामुळे मला तो खोटा म्हणता येत नाही."

मी टेबलाखालून काकांच्या पायावर जोरात पाय दिला. तो पाय न्यायाधीश बाईंचा निघाला. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाय खुर्चीखाली घेतला.

"शब्दाचं तुम्ही दोघं नंतर बघा," त्या म्हणाल्या. "मला झाडाचं कळतं. दोन्ही पुस्तकांत लिहिलंय साडेतीनला पानं मिटतात. यांनी स्वतः पाहिलंय म्हणतात. आत्ता तीन वाजून बारा मिनिटं झालीत. आपण बसू."

आणि आम्ही बसलो. सहा मोठी, शहाणी, शिकलेली माणसं एका तणाकडे टक लावून बसली. मंडळाचे कारकून कागद इकडचे तिकडे करत होते, म्हणजे फजेल. चहावाला चहा ठेवल्यावर गेलाच नाही, तोही दाराला टेकून बघत राहिला. कुणी खोकलं की समोरचे रागानं बघायचे, जणू झाड बुजेल. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकायचा आणि सगळ्यांच्या माना काट्याकडून पानाकडे, पानाकडून काट्याकडे. मी मनात म्हणत होते, मिटू नकोस, मेल्या, मिटू नकोस. शेजारी काका पुटपुटत होते. कान देऊन ऐकलं तर ते म्हणत होते, मीट, मीट.

साडेतीन वाजले. त्या खोलीत बरोबर साडेतीनला मिटले ते फक्त काकांचे डोळे.

पानं जिथल्या तिथे. साडेतीन वाजून दोन मिनिटं, तीन मिनिटं. समोरचे म्हणाले, "घड्याळ पुढे असेल." न्यायाधीश बाईंनी स्वतःच्या मनगटावर पाहिलं आणि म्हणाल्या, "नाही."

आणि तेवढ्यात एक पान हललं. खालचं, उन्हाच्या बाजूचं. ते हळूहळू खाली आलं आणि लोंबलं. मग त्याच्या वरचं. मग तिसरं.

"मिटतंय," समोरचे म्हणाले आणि खुर्ची मागे सारून उभे राहिले. "बघा, आता बघा. मी म्हटलं नव्हतं?" न्यायाधीश बाईंनी दुसरा चष्मा लावला. चहावाला दोन पावलं आत आला. कारकुनानं लिहून घ्यायला पेन उचललं. एकतीस वर्षं माझ्या डोळ्यांदेखत लोंबायला लागली होती आणि काका मान छातीवर टाकून शांत घोरत होते.

मागे खुर्ची सरकली. रोपवाटिकेच्या बाई सरळ टेबलापाशी आल्या, न्यायाधीश बाईंच्या पुढ्यातला पाण्याचा तांब्या उचलला आणि कुंडीत ओतायला लागल्या.

"अहो, पुरावा आहे तो," कारकून म्हणाले.

"पुरावा गेला खड्ड्यात," बाई म्हणाल्या. "मिटतंय कुठलं? तहान लागलीय त्याला. सकाळपासून उन्हात ठेवलंय, कुणी थेंबभर पाणी घातलं नाही. माती बघा, कडेनं सुटलीय. ते मान टाकतंय आणि तुम्ही सगळे घड्याळं कसली बघताय?"

"पण कोशात लिहिलंय की..." समोरचे म्हणाले.

"कोशात काहीही लिहिलेलं असू दे. हे नाल्यावरचं तण आहे. मी स्वतःच्या हातानं उपटून आणलं, स्वतःच्या हातानं नाव लावलं, आणि नाव यांच्या कोशातून घेतलं. तोवर हे नाव इथे कुणी ऐकलेलं नव्हतं. तुमच्या आजोबांच्या परसात कुठून येणार ते? आणि मी हे झाड रोज बघते, ते काही मिटतबिटत नाही. साडेतीनला नाही आणि कधीच नाही."

तांब्या रिकामा झाला. मग आपण काय बोललो ते बाईंच्या लक्षात आलं. त्या तांब्या पोटाशी धरून जवळच्या खुर्चीत बसल्या. कारकून सगळं लिहून घेत होते, आणि चहावाल्याच्या घरी सिएस्तेरा होती हे त्याच्या तोंडावरून कुणालाही कळलं असतं.

न्यायाधीश बाईंनी समोरच्यांना फक्त एवढंच विचारलं की मग आपण लहानपणी नेमकं काय पाहिलंत. समोरचे म्हणाले, ते दुसरं झाड असेल. कोणतं? ते आठवत नव्हतं. पण मग या झाडाबद्दलचं हे वाक्य तुमच्या कोशात स्वल्पविरामासकट कुठून आलं? तेही आठवत नव्हतं. निकाल तिथेच झाला. समोरच्यांचा कोश मागे घ्यायचा, वाचनालयांत काकांचा जायचा.

काका बरोबर चारला जागे झाले. इकडेतिकडे पाहिलं. "मिटलं का?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. जिंकलो हे आधी सांगितलं, कारण मला वाटलं ते ऐकून त्यांना बरं वाटेल. त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि मागच्या खुर्चीकडे पाहिलं. बाई कुंडी काखोटीला मारून केव्हाच निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका टेबलावर नव्हते. माझ्या चौदा वर्षांत हे पहिल्यांदाच. कुठे असतील हे मला ठाऊक होतं. रोपवाटिकेच्या फाटकापाशी दहा-बारा माणसं आपापल्या कुंड्या घेऊन उभी होती. चहावाल्यानं रात्रीतून काम चोख केलं होतं. बाई आत पिशव्या भरत होत्या, पाठ फिरवून, आणि फाटकात काका उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून, समारंभाला आल्यासारखे.

एक गृहस्थ म्हणत होते, "ही बाई तीन वर्षं आम्हाला फसवत होती."

"बाईंनी नाही फसवलं," काका म्हणाले. "खोटं मी लिहिलं. छापलंही मी. बाईंनी फक्त त्याला पाणी घातलं."

पुढच्या माणसाला पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याला पुन्हा तेच, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. काही जण रागावून कुंडी ठेवून गेले. काही जणांना आता परत घरी काय न्यायचं ते कळेना, म्हणून तीच कुंडी घेऊन गेले. एकानं काकांना चांगलंच सुनावलं. काकांनी मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." मला रडू येत होतं आणि त्या माणसाला ढकलूनही द्यावंसं वाटत होतं. दोन्ही केलं नाही, काकांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

शेवटी एक आजीबाई उरल्या. कुंडी कमरेवर घेतलेली, मोठी, भरगच्च वाढलेली.

"आजी, खोटं मी लिहिलं," काकांनी सुरुवात केली.

"ते कळलं हो मला कालच," आजीबाई म्हणाल्या. "तण आहे ना? असू दे. परत द्यायला कोण आलंय? ह्या सिएस्तेराला कीड लागलीय, त्यावर काय मारायचं ते विचारायला आले."

आतमध्ये बाईंचे हात थांबले. त्या उठल्या, हात झटकत फाटकापाशी आल्या, पान उलटून पाहिलं आणि म्हणाल्या, साबणाचं पाणी, आठ दिवस.

काका मात्र कानामागे हात धरून आजीबाईंच्या अगदी जवळ वाकले. त्यांचे कान माझ्याहून तिखट आहेत, खालच्या दुकानात सुई पडलेली त्यांना वर ऐकू येते.

"कशाला कीड लागलीय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"सिएस्तेराला हो," आजीबाईंनी मोठ्यानं सांगितलं. "सिएस्तेराला."